हाडं कारवीची, अंग मातीचं

मी एक भिंत बोलतेय. कारवीच्या काठ्यांची, चिखलाने लिंपलेली. आमच्याकडे मला कूड म्हणतात. इगतपुरीहून तासाभराच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी चाळीस घरांची एक वस्ती आहे. तिथल्या ‘शिकायच्या घरा’ची पश्चिमेकडची भिंत मी.

माझा जन्म उतारावरचा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. तशी वाळलेली कारवी अक्काबाईने तोडली, मोळ्या बांधल्या आणि डोक्यावरून खाली आणली. अक्काबाई सत्तरीच्या पुढची. वस्तीत कूड बांधता येणारी ती एकटीच उरली होती. बाकी घरं सिमेंटची झाली होती. तिच्या मुलाचं, सुनीलचंही.

वस्तीतली पोरं आणि बचत गटाच्या बायका तोवर पत्र्याच्या शेडमध्ये बसून शिकत. उन्हाळ्यात पत्रा असा तापे की भाकरी भाजावी. पावसाळ्यात वर ताशा वाजे आणि शिकवणाऱ्याचा आवाज पहिल्या ओळीलाही ऐकू जात नसे. म्हणून नवं शिकायचं घर बांधायला नाशिक रोडहून तृप्ती आली. घरांचे आराखडे काढणारी, पंचविशीतली, चटपटीत मुलगी. “इथलीच माती, इथलंच लाकूड, इथलीच माणसं,” असं ती सगळ्यांना सांगायची.

अक्काबाई हसायची. “मंग काय चंद्रावरची माती आणणार व्हती का?”

दोघींचं जमलं. पण एका गोष्टीवरून अडलं.

“पोरी, हिकडं पाऊस वरनं नाय पडत, आडवा येतो,” अक्काबाई म्हणाली. “छप्पर आजून दीड हात पुढं काढ. खाली दगडाचं जोतं घाल. आन् माती आठ दिस भिजू दे.”

“आजी, छप्पर पुढे काढलं तर आत उजेड कमी येईल. आणि आठ दिवस कुठले, तीनच आहेत हातात.”

तृप्तीच्या कागदावर खिडकीतून आत येणारं ऊन पिवळ्या पेन्सिलीने रंगवलेलं होतं. अक्काबाईने ते पाहिलं आणि ती गप्प बसली. शिकलेल्या माणसांपुढे गप्प बसायची तिला सवय होती. मोळीत पडल्या पडल्या मी मनात म्हणत होते, अगं, बोल ना!  शेवटी कागदावर होतं तशीच मी उभी राहिले.

आषाढात सलग नऊ दिवस पाऊस कोसळला. आधी माझ्या पायाशी ओल धरली. चौथ्या दिवशी कोपऱ्यातलं लिंपण सुटलं, मग चिखल थबाथबा गळायला लागला. नवव्या दिवशी माझ्यातून आरपार पलीकडचं भाताचं खाचर दिसत होतं. पोरांची पुस्तकं भिजून फुगली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

वस्तीची बैठक बसली. सुनील ग्रामपंचायतीचा सदस्य. तोच आधी बोलला. “काढून टाका ती. पत्रा ठोकू. कुडातनं बाहेर पडायला माझ्या बापाची हयात गेली. आता पोरांना परत त्यातच बसवायचं का?”

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लहानपणी गळक्या घरात त्याने किती रात्री बसून काढल्या, ते मला अक्काबाईच्या बडबडीतून कळलं होतं. माना डोलल्या. बहुतेकांचं मत पत्र्याचंच झालं.

तृप्ती ओली पुस्तकं मांडीवर घेऊन बसली होती. ती उठली. “चूक भिंतीची नाही, माझी आहे. आजींनी सगळं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

 शहरातून आलेल्या कुणी असं कबूल केल्याचं त्या वस्तीने कधी ऐकलं नव्हतं.

अक्काबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या काठ्या बोटांनी ठोकून पाहिल्या. “हाडं शाबूत हायेत. नुसतं मांस गळालंय. मला दिवाळीपतुर द्या. पुढच्या पावसात पडली तर मीच कोयत्यानं तोडीन हिला.”

तृप्तीने वही तिच्यापुढे धरली. “आजी, आता तुम्ही काढा.”

अक्काबाईने पेन्सिल काही हातात घेतली नाही. माझ्याच गळालेल्या चिखलात तिने बोटाने रेघा ओढल्या. हा वारा, हा पाऊस, हे छप्पर, हे जोतं. तृप्ती उकिडवी बसून ते वहीत उतरवून घेत होती.

पावसाळाभर बायकांनी माझ्यावर गवत-पानांचा पडदा बांधला. उघडीप झाल्यावर दगड आले, जोतं झालं, छप्पर दीड हात पुढे सरकलं. माती, शेण आणि भाताचं तूस एकत्र भिजवून आठ दिवस मुरू दिलं. मळायला पहिली उतरली ती उज्वला, सुनीलची बायको. सासू ओरडायची, “गोळा करून खाली टाक. फुटला तर आजून मळ!” पुढच्या पावसाळ्यात अकरा दिवस झोडपा बसला. आतून मी कोरडी ठणठणीत! पोरं पाठ टेकून पाढे म्हणत होती, आणि शब्दन् शब्द ऐकू येत होता.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात इथे लिंपणाचा वर्ग भरतो. शेजारच्या पाड्यांवरूनही बायका येतात. तृप्तीही येते, सगळ्यांत मागे बसते.

यंदा एक नवा विद्यार्थी आला. सुनील दारात घुटमळत उभा होता.

“आये, घरामागं एक खोली काढायचीय. कुडाची. स्लॅबखाली दुपारी बसवत नाय.”

अक्काबाईने माझ्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “आधी हिला लिंप. मंग तुझी खोली.”

तो चिखलात उतरला. घामाघूम झाला. उज्वला पदराआड हसत होती. अक्काबाईच्या हातांना आता कंप सुटतो, तिला गोळा उचलवत नाही. ती सावलीत बसून नुसतं सांगत होती.

मी पक्की नाही, हे मला माहीत आहे. दर वर्षी माझं थोडं अंग झडतं. ते भरून काढायला हात लागतात, आणि हातांना शिकवायला माणूस लागतो. माझं मागणं एवढंच आहे की मला सिमेंट फासून या खटाटोपातून सोडवू नका.

उजव्या कोपऱ्यात सुनीलने लिंपलेला भाग ओबडधोबड झालाय. तृप्ती तो सारखा करायला पुढे झाली, तर अक्काबाईने तिचा हात धरला. “राहू दे,” ती म्हणाली. “त्याचा पयलाच हाय.”

तो कोपरा अजून ओला आहे. आत याल तेव्हा जरा जपून, त्याला टेकू नका.