हळदीचं बोट न लागलेलं पान

ट्रंकेतून बोलतेय मी. वर दोन जुनी लुगडी, बाजूला डांबराच्या गोळ्या आणि तळाला मी. भुताची कादंबरी असूनही अंधाराची सवय नाही बघा मला.

माझ्या मुखपृष्ठावर धुकं आहे आणि धुक्यात एक बंद दार. गोष्ट गगनबावड्याकडची. घाटमाथ्यावर एक घर, घरात एकटा मुलगा. पाऊस लागला की दारावर थाप पडते आणि बाहेरून म्हातारी म्हणते, "दार उघड रे, भिजले मी." मुलगा गावाला सांगतो, आई यात्रेत हरवली. बाकीचं शेवटच्या अकरा पानांत.

कोल्हापुरात मी प्रमोदिनीबाईंच्या वाचनालयात उतरले. माझ्या एका अंगाला उडत्या घोड्यांची जादूनगरी, दुसऱ्या अंगाला खुनाचा तपास. सगळ्या नव्या कोऱ्या, दोनतीन वर्षांतल्या. प्रमोदिनीबाई येईल त्याला सांगायच्या, "हल्ली असली पुस्तकं झकास निघाल्यात, नेऊन तर बघा!" लोक मला हातात घ्यायचे, दार बघायचे आणि परत ठेवायचे. "नको बाई, घरात भुताचं."

मग एक दिवस कसबा बावड्याची क्रांती आली. कॉलेजातली पोर, खांद्यावर पिशवी. म्हणाली, "भ्या वाटंल असं द्या. आज्जीला पायजे."

आज्जी म्हणजे बयाबाई. अक्षर एक ओळखीचं नाही, पण कान असा की विचारू नका. दुपारी म्हशींचं आवरलं की परड्यातल्या बाजल्यावर शेंगा फोडत बसायच्या आणि क्रांती मोठ्यानं वाचायची. पंचवीस पानांमागचं पात्र काय बोललं, ते बयाबाई शब्दाला शब्द सांगायच्या. जादूनगरी माझ्या आधी ऐकून झाली होती. तिच्यावर त्यांचा एकच सवाल होता, "घोडं उडतंय ते ऱ्हाऊ दे, त्येला वैरण कोण घालतंय?"

त्यांची एक रीत होती. पुस्तक ऐकून संपलं की शेवटच्या पानावर हळदीचं बोट टेकवायच्या. म्हणजे क्रांतीनं विसरून तेच पुस्तक परत आणलं, तर पान उघडून म्हणता यावं, "ह्ये झालंय की गं, म्हसोबा!" वाचनालयातल्या कितीतरी पुस्तकांच्या पोटात ते पिवळं बोट आहे. मला त्याचा हेवा वाटायचा.

माझं वाचन दहा दिवस चाललं. त्यात बयाबाईंची धाप वाढली. हृदयाची झडप बदलायची ठरली. त्यांचा मुलगा बाळासो, म्हणजे क्रांतीचे वडील, दवाखान्याची तारीख घेऊन आले. उद्या सकाळी निघायचं.

"आज म्हातारीचा निकाल लाव," बयाबाई क्रांतीला म्हणाल्या. "अर्धी गोष्ट पोटात घिऊन मी टेबलावर झोपणार न्हाई."

क्रांतीनं शेवटची अकरा पानं आदल्या दिवशी चोरून वाचली होती. त्यात काय आहे ते तिला ठाऊक होतं. मुलानंच आजारी आईला घाटात नेऊन सोडलं होतं. उद्या ज्या बाईला मुलगा गाडीत घालून नेणार, तिला हे वाचून कसं दाखवायचं? पोरीनं मला उघडलं आणि मनाचंच सांगायला लागली. म्हातारी जिवंत सापडली, मुलानं तिला घरी आणलं, दारावरची थाप वाऱ्याची निघाली. मी ओरडावं तर मला तोंड कुठलं?

सांगून झालं. क्रांतीनं हळदीची वाटी पुढं केली. बयाबाईंनी बोट बुडवलं, पानापर्यंत आणलं आणि थांबल्या.

"लई येळ झाला, तू पान उलटलं न्हाईस."

"आज्जी, मोठं पान हाय."

"माझ्या कानाला शिकीवतीस व्हय? आणि लिवणाऱ्याची बोली आशी न्हाई. ही तुजी हाय." बयाबाईंनी हळद पदराला पुसली. "तिसऱ्या दिवशी तू वाचलंस, मायलेक यष्टीनं घाटात गेली तवा पोरानं दोन तिकिटं काढली. येताना एकच. तवाच मला कळलं, सोडून आला त्यो. मला फकस्त एवढं सांग, तिला जाताना ठावं हुतं का?"

क्रांतीला हुंदका आला. "तू परत आल्यावर वाचतो की गं, आज्जी. खरं खरं वाचतो."

"बरं. मग बोट तवाच लावीन."

सकाळी निघताना बयाबाई दारात थांबल्या. धाप लागली होती, तरी क्रांतीला म्हणाल्या, "बाळासोला भाकरी बांधून दे. येताना एकटा आसंल, खाणार न्हाई."

चौथ्या दिवशी बाळासो एकटेच आले. क्रांतीनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. फडक्यात भाकरी तशीच होती, वाळलेली.

प्रमोदिनीबाईंनी मला दोनदा मागितलं. क्रांती म्हणाली, "सापडंना, काकू." आणि मला आज्जीच्या लुगड्यांखाली ठेवलं. कधी ट्रंक उघडते, हळद न लागलेल्या शेवटच्या पानापर्यंत येते आणि मला मिटते. मोठ्यानं वाचायला तिला धीर होत नाही.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कुणी ऐकणारं असेल, तर शेवट आहे तसा वाचा. तुम्ही लपवलेलं त्यांना आधीच कळलेलं असतं.

आणि क्रांतीला कुणीतरी सांगा, एकदा त्या रिकाम्या बाजल्यापाशी बस, माझी अकरा पानं वाच. बयाबाईंच्या सवालाचं उत्तर त्यांतच आहे. हो, त्या म्हातारीला ठाऊक होतं. यष्टीत बसण्याआधीच तिनं मुलासाठी परतीच्या वाटेची भाकरी बांधून ठेवली होती.