ताईचा ठिपका

घरी तिला धाकटी म्हणत आणि कामावर आकडेवाली. प्रयोगशाळेत नोकरी असूनही सुई आणि काचेच्या नळ्यांशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. लोकांच्या रक्तातली कोणती जनुकं जागी आहेत आणि कोणती झोपलेली, याचे ढीगभर आकडे तिच्या कॉम्प्युटरवर यायचे. त्या ढिगातून सांधे सुजवणारी जनुकं हुडकून काढायची, हे तिचं काम.

तिच्या ताईला नेमका हाच आजार होता. सकाळी बोटं अशी फुगायची की चमचा धरवत नसे, पण नेहमीच्या तपासण्यांत मात्र काही म्हणता काही निघायचं नाही. एका डॉक्टरांनी तर मन रमवायला सांगितलं. भावोजी तसे सज्जन, पण हल्ली तेही "आज पुन्हा?" असं विचारू लागले होते. म्हणून ताई आपण होऊन या अभ्यासात रक्त द्यायला आली, आणि लक्षणांवरून तिची नोंद रुग्णांत झाली.

"एकदा तुझ्या मशीनलाच सांगू दे, मी नाटकं करत नाही म्हणून."

"सांगेल की," धाकटी म्हणाली. असं आधीच कबूल करून बसू नये, पण बहिणीपुढे जीभ कुठली आवरायला!

निकाल आला तो दृष्ट लागावी असा. पडद्यावर प्रत्येक माणसाचा एक ठिपका. आजारी सगळे डावीकडे, निरोगी सगळे उजवीकडे. प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, चक्क हसले. फक्त एक आजारी ठिपका निरोगी मंडळींत जाऊन बसला होता. नमुन्यांवर नावं नसतात, पण ताईनं आपला नंबर तोंडपाठ करून तिला सांगून ठेवला होता. तो ठिपका ताईचा होता.

"तो वगळा," सर म्हणाले. "निदानच चुकलं असेल. एका शितावरून का भाताची परीक्षा करायची?"

जगानं ताईला खोटं ठरवलंच होतं, आता सख्ख्या बहिणीचा कॉम्प्युटरही त्याला सामील झाला. पण शेंडेफळाचा हट्ट कुठे जातो? ती फुगलेली बोटं तिनं स्वतःच्या हातात धरली होती. ताई खरी, तर आकडे कुठेतरी चुकलेत. मग ताईत आणि बाकीच्या रुग्णांत वेगळं काय? विचार करकरून एकच गोष्ट सापडली. ताईनं रक्त इथे प्रयोगशाळेत दिलं होतं, आणि निरोगी म्हणून घेतलेल्या इथल्याच कर्मचाऱ्यांनीही. बाकीच्या रुग्णांचं रक्त शहराबाहेरच्या दवाखान्यातून आलं होतं.

ती दवाखान्यात जाऊन थडकली. दाराजवळच्या टेबलावर, उन्हाच्या तिरिपेत, नळ्यांची पेटी आरामात बसली होती.

"गाडी संध्याकाळी येते," नर्सबाई म्हणाल्या. "तोवर इथंच असते. थंड ठेवा असं कुणी बोललंच नाही."

खरंच कुणी बोललं नव्हतं. ते सरांनी आणि तिनं सांगायला हवं होतं. रक्त बाहेर ताटकळलं की त्यातल्या पेशी बिथरतात आणि सुजेची जनुकं नळीतच जागी होतात. प्रयोगशाळेतलं रक्त मात्र लगेच गोठवलेलं. म्हणजे कॉम्प्युटरनं आजारी आणि निरोगी निवडलेच नव्हते. त्यानं नुसतं शिळं आणि ताजं रक्त निवडलं होतं. सरांचा चेहरा पडला, पण माणूस सरळ. पुन्हा पहिल्यापासून करू, म्हणाले.

ताईला सांगणं त्याहून अवघड होतं. ती स्वयंपाकघरात दोन्ही तळव्यांत कप धरून बसली होती. धाकटीनं सगळं सांगितलं, न लपवता. आजार सापडला नाही, औषध तर लांबच राहिलं, आणि दिलेला शब्दही पाळता आला नाही.

ताईनं विचारलं,

"पण त्या आकड्यांत मी धडधाकट होते ना?"

"हो."

"मग तू दवाखान्यात कशाला गेलीस?"

"तू खोटं बोलत नाहीस म्हणून."

ताईनं कप खाली ठेवला. "आजवर सगळ्यांनी मलाच तपासलं गं," ती म्हणाली. "तपासणी तपासायला तू पहिली गेलीस."

आणि इतकी वर्षं दुखण्यानं न रडलेली ताई हमसून हमसून रडू लागली. काय करावं ते धाकटीला कळेना, म्हणून तीही तिच्याबरोबर रडली.