मळक्या शर्टावरची इस्त्री

मळक्या कापडावर इस्त्री फिरवा असं कुणी म्हटलं असतं, तर इस्त्रीवालीने त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. गरम इस्त्री लागली की घामाचा डाग कापडात कायमचा बसतो आणि मग साबणाच्या बापानेही निघत नाही. हे ती गिऱ्हाइकांना दम देऊन सांगायची. आणि स्वतः रोज संध्याकाळी नेमकं तेच करायची.

नवरा रंगारी. कामावरून आला की शर्ट काढून अंघोळीला जायचा. आत पाण्याचा आवाज सुरू झाला की ती तो शर्ट टेबलावर पसरायची आणि कॉलरीवर, काखेत, छातीवर वाफेची इस्त्री दाबायची. वाफ कापडातलं सगळं वर काढते. आधी टर्पेंटाइन, मग घाम, आणि दारू असलीच तर सगळ्यात शेवटी ती. नऊ वर्षांत तिचं नाक पक्कं तयार झालं होतं. त्याने दारू सोडून सव्वा वर्ष झालं होतं आणि सव्वा वर्षात एकदाही वास आला नव्हता. तरी तिची इस्त्री थांबली नव्हती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि हिचं तोंड तर नऊ वर्षं पोळत होतं.

परिणाम एवढाच झाला की त्याच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरी पिवळ्या पडल्या. नणंद एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघांत म्हणाली, "वहिनी, दिव्याखाली अंधार बघावा तर तुमच्याकडे." इस्त्रीवाली हसली. अशा वेळी हसायचं असतं, म्हणून हसली.

हल्ली तिचं सगळंच असं चाललं होतं. नऊ वर्षं तिने गुडघे टेकून रडून प्रार्थना केली होती. नवरा सुधारला आणि रडणंही गेलं, प्रार्थनाही गेली. तो शेजारी उभा राहून बेसूर, पण जीव तोडून स्तोत्रं म्हणायचा. ती आमेन म्हणायची आणि मनात शर्टांची बटणं मोजायची. देवावर तिचा राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, निदान बोलणं तरी झालं असतं.

चर्चच्या दाराशी प्रार्थनेचा फळा होता. त्याचे नियम जुन्या पाळकांनी घालून दिलेले. नाव लिहायचं नाही, देवाला नावं पाठ असतात. स्वतःसाठी लिहायचं नाही, दुसऱ्याने आपल्यासाठी लिहायचं. आणि प्रार्थना ऐकली गेली की ज्याने ओळ लिहिली, त्यानेच ती सगळ्यांसमोर पुसायची. "इस्त्रीवालीचा नवरा" ही ओळ फळ्यावर नऊ वर्षं होती आणि अजूनही होती. खडू फिका पडला की तीच ती गिरवायची. पाळक म्हणायचे, "बाई, आता पुसा की. प्रभूने एवढं केलं." ती म्हणायची, "पुढच्या रविवारी."

नवरा बाहेर पडताना फळ्याकडे एकदा बघायचा आणि चपला घालायचा. ती ओळ होती तोवर बायकोच्या लेखी तो दारुडाच होता, हे त्याला कळत होतं. हे तिलाही कळत होतं.

मग एका गुरुवारी वास आला.

उजव्या खांद्यावर इस्त्री ठेवली आणि टर्पेंटाइनच्या मागून तो आलाच. तिने पुन्हा दाबून बघितलं. तोच. आता रडू येईल म्हणून ती वाट बघत उभी राहिली. रडू आलं नाही. तिला हायसं वाटलं. पिऊन आलेल्या नवऱ्याचं काय करायचं हे तिला अंधारातही जमलं असतं. न पिणाऱ्या नवऱ्याशी कसं राहायचं, ते मात्र सव्वा वर्षात जमलं नव्हतं.

"लागला वास?"

तो दारात टॉवेल घेऊन उभा होता. 

"दारू सोडणाऱ्यांच्या आमच्या बुधवारच्या गटातला सुतार. फुटपाथवर पडला होता. खांद्यावर टाकून घरी नेला, तर खांद्यावरच ओकला."

"मी विचारलं नाही तुम्हाला."

"तू मला कुठे विचारतेस? शर्टाला विचारतेस."

तिने इस्त्री उभी केली. "कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या महिन्यापासून. चौदा वर्षं तुझा नवरा आहे. कॉलर कशाने पिवळी पडते, एवढं मलाही कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुठल्या तोंडाने बोलू? नऊ वर्षं खोटंच बोललो. म्हटलं, शर्ट तरी खरं सांगतोय, सांगू दे."

"वास आला तेव्हा मला बरं वाटलं," ती म्हणाली.

 मग त्याने टॉवेल खुर्चीच्या पाठीवर नीट पसरला, कडा जुळवल्या, पुन्हा पसरला.

"जेवायचं का?" त्याने विचारलं. दोघं जेवली. मीठ मागण्यापलीकडे कुणी बोललं नाही.

रविवारी फळ्यापाशी सुताराची म्हातारी आई उभी होती. "माझा मुलगा" एवढं लिहायला तिला फार वेळ लागला. लिहून झाल्यावर ती रंगाऱ्याकडे वळली, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि आत गेली. म्हणजे शर्ट खरं बोलला होता आणि नवराही.

इस्त्रीवालीने ओला फडका उचलला आणि आपली ओळ पुसली. पाळकांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. नणंदेने डोळ्यांना पदर लावला. इस्त्रीवालीला वाटलं होतं, निदान आता तरी आत काहीतरी हलेल. काही हललं नाही. वर्षानुवर्षं गिरवलेली अक्षरं ओल्या फळ्यावर अजून पुसट दिसत होती.

तिने खडू नवऱ्यापुढे धरला. "आता तुम्ही माझं लिहा."

टाळ्या थांबल्या. पाळक जवळ आले. "काय झालं, बाई? दुखतंय का काही?"

"नाही. काहीच होत नाही मला. म्हणूनच."

नवऱ्याने खडू घेतला. फळा ओला होता, त्यावर खडू उमटेना. त्याने शर्टाच्या बाहीने ती जागा कोरडी केली आणि पाटी रंगवावी तसं मोठ्या, सरळ अक्षरांत लिहिलं, "इस्त्रीवाली". लिहून तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

त्याची बाही कोपरापर्यंत पांढरी झाली होती. इस्त्रीवाली त्या बाहीकडे बघत होती. घरी गेल्यावर हा शर्ट आधी पाण्यात टाकायचा, तिने ठरवलं.