दुसरी किल्ली

लेखकमहाशयांनी आयुष्यात मुंगीसुद्धा मारली नव्हती, आणि हीच त्यांची अडचण होती. नव्या कादंबरीचं बाड परत करताना प्रकाशकाने तोंडावर सांगितलं, "तुमचा खलनायक फारच गुणी आहे हो. खून करून घरी येतो तेव्हाही चपला जागेवर ठेवतो. माणसाच्या मनातला काळोख तुम्हाला ठाऊकच नाही." साठीला आलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. त्या दिवशी ते धड जेवले नाहीत. बायको म्हणाली, "मग चपला विस्कटून टाका की त्याच्या." त्यांना हसू आलं नाही.

त्यांनी ठरवलं, काळोख बघायचा तर आधी थोडासा आपणच करून बघायचा. हुशार माणूस मूर्खपणा करायला निघाला की तोही अगदी पद्धतशीर करतो.

बळी म्हणून त्यांनी कोपऱ्यावरचा किल्लीवाला निवडला. त्याच्यावर राग वगैरे काही नव्हता. सलूनच्या खुर्चीत बसलं की आरशात समोर तोच दिसायचा, एवढंच. पत्र्याच्या टपरीत मान खाली घालून कानस चालवणारा भिडस्त माणूस. लेखकांच्या इमारतीतल्या निम्म्या दारांना त्यानेच कुलपं बसवली होती. गालावर साबण असताना लेखक सहज म्हणाले, "हा म्हणे प्रत्येक किल्लीची एक डुप्लिकेट स्वतःकडे ठेवतो. खरं का हो?"

सलूनवाल्याचा वस्तरा थांबला. "कोण म्हणतं?"

"असंच कानावर आलं."

थोड्याच दिवसांत ते वाक्य लेखकांकडे परत आलं, आणि चांगलं बाळसं धरून आलं. दातांच्या डॉक्टरांनी दाढ ठोकता ठोकता सांगितलं की किल्लीवाल्याकडे डबाभर किल्ल्या सापडल्यात. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आपली हरवलेली बांगडी आठवली. ती जावेने लांबवली असं त्या इतकी वर्षं सांगत होत्या; आता जाऊ सुटली. लेखक हरखून गेले. खोलीचं दार लावून पानांमागून पानं लिहू लागले. बायको कपड्यांच्या घड्या करत होती, तिला त्यांनी आपण होऊन सगळं सांगितलं, टाळी मागावी तशा उत्साहाने.

"अहो, पण त्या बिचाऱ्याचं काय?"

"कादंबरी पुरी झाली की खरं सांगून टाकेन. हसतील सगळे."

हसलं कोणीच नाही. टपरीवर गिऱ्हाईक फिरकेना. एका सकाळी टपरीची पुढची फळी कोणीतरी लाथेने मोडलेली दिसली. किल्लीवाल्याची मुलगी एका आजारी म्हातारीची शुश्रूषा करायला जायची. त्या घरच्यांनी तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस, आणि आमची किल्ली ठेवून जा. हे लेखकांच्या कानावर आलं. त्यांनी लिहिलेली सगळी पानं फाडली. त्याने किल्लीवाल्याचं काय भलं व्हायचं होतं!

मग ते दारोदार फिरले. "मी रचलं हो ते! सगळं माझ्या तोंडून निघालंय!" डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवून रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलं. काकूंचे डोळे भरून आले. "एखाद्याला वाचवायला स्वतःवर आळ घेणारं माणूस मी आज पाहिलं," त्या म्हणाल्या. सलूनवाला तर हसलाच. "साहेब, तुम्ही? गरिबाला पाठीशी घालताय, कळतं आम्हाला." आयुष्यभर कमावलेलं चांगुलपणाचं नाव नेमकं आता आडवं आलं. पाय धरले असते तरी कोणी ऐकलं नसतं.

शेवटी ते टपरीवर गेले आणि जे केलं ते सांगितलं. कानस थांबली.

"माझं काय चुकलं होतं, साहेब?"

"काहीच नाही."

"मग मीच का?"

 लेखकांना रडू फुटलं. किल्लीवाल्याला रडायला सवड नव्हती. "रडताय काय? पोरगी घरात तोंड लपवून बसलीय. काहीतरी करा ना!"

तेव्हा त्यांना सुचलं. आपल्या दाराचं कुलूपही यानेच बसवलंय! त्यांनी खिशातून घराची किल्ली काढली. बायको सदैव घरात, त्यामुळे ती वापरायची वेळ क्वचितच यायची. त्यांनी किल्लीवाल्याचा हात धरला, सलूनवाल्याला हातातलं गिऱ्हाईक सोडून यायला लावलं, जिन्यातून काकूंना हाका मारल्या. दारापाशी पोचेपर्यंत त्यांना धाप लागली होती.

"हे कुलूप यांनी बसवलंय," ते ओरडून म्हणाले, "आणि आजपासून माझ्या घराची किल्ली यांच्याकडे राहील. कायमची! आता बोला. उघडा हो तुम्ही."

काकू जरा वरमल्या. सलूनवाल्याने खांद्यावरचा टॉवेल उगाच सारखा केला. किल्लीवाल्याने हात शर्टाला पुसून किल्ली लावली. ती आत जाईना. त्याने उलटी करून पाहिली. मग वाकून कुलूप नीट पाहिलं.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "कुलूप नवीन आहे."

दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते पाहिलं. साखळी तिने काढली नाही.

"कधी बदललंस हे?"

"परवा."

"अगं, तुला तर ठाऊक होतं! मी स्वतः सांगितलं होतं तुला, खोटं आहे म्हणून!"

"ठाऊक होतं हो मला," ती म्हणाली. "पण दिवसभर एकटी असते मी घरात. डोळ्याला डोळा लागेना."

सलूनवाला जिना उतरला. काकूही गेल्या. खाली त्यांच्या दाराच्या वरची आणि खालची, दोन्ही कड्या सरकल्याचा आवाज आला. किल्लीवाल्याने जुनी किल्ली लेखकांच्या हातावर ठेवली. नव्या कुलपाच्या कडेवरून त्याने सवयीने अंगठा फिरवला.

"नीट बसवलंय," तो म्हणाला आणि निघून गेला.

लेखक दारापाशी उभेच राहिले. साखळी अजून तशीच होती. आतून बायकोने दबक्या आवाजात विचारलं, "गेला का तो?"