दरोडा सोडून काहीही

आठवीत आमच्या इथल्या जपानी शाळेतल्या सगळ्यांना तीन दिवस कुठेतरी कामाला पाठवतात. मैत्रिणींना बेकरी मिळाली, मला इचिकावा स्टेशनमागची छोटी बँक. बाबा म्हणाले, तीन दिवस कागदांच्या घड्या घालशील. पण पहिल्याच सकाळी मॅनेजर होरिगुची-सान मला "मैत्रेयी-सान, तुम्ही" म्हणाले आणि बँक मला एकदम आवडली.

भिंतीवर सिनेमांची बत्तीस पोस्टरं होती. बँकेत! गेल्या वर्षीपर्यंत मी प्रश्न आधी वहीत लिहून बघायचे, जपानी चुकेल म्हणून. आता सरळ विचारून टाकते. तर कळलं, की मोठ्या बँका ज्यांना दारात उभं करत नाहीत, अशा सिनेमावाल्यांना ही बँक चाळीस वर्षं कर्ज देते. वर रविवारी शूटिंगला शाखाही देते, फुकट. पटकथा होरिगुची-सान स्वतः वाचतात. अट एकच, बँकेत दरोडा दाखवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सेनो-सान नावाची दिग्दर्शिका आली. पहिलाच सिनेमा, आणि त्यात नेमका दरोडा. असं जुनं लाकडी काउंटर आता दुसरीकडे कुठे राहिलं नव्हतं, मोठ्या भूकंपानंतर बहुतेक जुन्या शाखा पाडून नव्या बांधल्या होत्या. सेट उभारायला पैसे नव्हते. इथे नाही म्हणजे सिनेमाच नाही. होरिगुची-सान म्हणाले, "थोडं कठीण आहे." इथे त्याचा अर्थ नाही असाच होतो. तिनं पटकथा पिशवीत भरायला घेतली.

मला राहवेना. दरोडाच का नको, मी विचारलं.

होरिगुची-सान नुकतेच नोकरीला लागले होते तेव्हा इथे एक दरोडा शूट झाला होता. खिडकीतून कुणीतरी बुरखेवाले पाहिले, बाहेर खोटी पोलिसांची गाडी पाहिली. सोमवारी ठेवी काढायला कोपऱ्यापर्यंत रांग. सिनेमा होता हे कुणाला पटेना. कुणाचा एक येन बुडाला नाही, पण रांगेतले ते चेहरे होरिगुची-सान विसरले नव्हते.

"मग या वेळी त्यांनाच आत घ्या ना," मी म्हटलं. "दरोड्यात ग्राहक लागतातच की. सगळे आतच असले तर बाहेरून बघून घाबरणार कोण?"

सेनो-सानचा हात पिशवीतच थांबला. होरिगुची-साननी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाले की बँक सभासदांची आहे, त्यांना विचारावं लागेल. सगळ्यात आधी मासळीच्या दुकानाचे इवामोतो-सान, कारण त्या रांगेत पहिला नंबर त्यांचा होता. ते नाही म्हणाले, तर नाही. आणि कल्पना माझी, तेव्हा विचारायचंही मीच.

या बँकेची माणसं सायकलवरून ग्राहकांच्या घरी जातात. तिसऱ्या दिवशी मीही तशीच इवामोतो-सानांकडे गेले. होरिगुची-सान फाटकातच थांबले, टायरमधली हवा बघितल्यासारखं करत. मी एका दमात सगळं सांगितलं. इवामोतो-सान ऐंशीचे असतील. आधी त्यांनी माझं गाव विचारलं, मग दरोडेखोर खरोखर मारतील का ते.

"त्या सोमवारी मी सगळे पैसे काढले," ते म्हणाले. "खिडकीत हा तुमचा मॅनेजर बसलेला, बावीस वर्षांचं पोर. रडवेला झाला होता, पण प्रत्येकाचे वाकून आभार मानत होता. दुपारी मी परत जाऊन भरले. ते त्याच्यामुळे, हे त्याला कधी सांगितलं नाही."

आपल्यालाही ओरडायला मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जमेल ना? पन्नास वर्षं मासे विकलेत, तू मला काय शिकवतेस, म्हणाले.

मग फाटकाकडे तोंड करून: "होरिगुची-सान, रविवारी किती वाजता यायचं?"

होरिगुची-सान सायकल धरूनच वाकले. बराच वेळ वर आले नाहीत.

विचारायच्या सभासदांच्या यादीत अजून एकोणचाळीस घरं होती. पुढच्या घराची बेल मीच वाजवली.