घेतली का गोळी?

जुन्या बॅटऱ्या फोडायच्या आणि त्यांतलं शिसं भट्टीत वितळवायचं, हे तात्यांचं तीस वर्षांचं काम. शिशासारखा गुपचूप धातू दुसरा नाही. अंगात पाहुण्यासारखा शिरतो आणि घरमालक होऊन बसतो. तात्यांच्या पोटात तो असाच बसला. आतड्याला पीळ पडे, भूक तर मेलीच होती.

रक्ताचा अहवाल बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या देते. आतड्यात शिशाची वाट थोडी तरी अडवतील. पण दोन महिन्यांत आकडा उतरला नाही, तर भट्टी बंद. घरी बसायचं."

घरी बसायचं! बायको गेल्यापासून तात्यांचं घर म्हणजे चार भिंती आणि एक ताट. माणसं होती ती सगळी कारखान्यात.

म्हणून गोळ्यांची बाटली त्यांनी कारखान्यातच ठेवली, भट्टीजवळच्या फळीवर. दुपार झाली की शेजारचा कारागीर हाक मारी. भट्टीच्या घरघरीवरूनही त्याचा आवाज ऐकू येई, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत.

"तात्या, घेतली का गोळी?"

"घेतली रे बाबा!"

"जीभ दाखवा!"

तात्या जीभ काढत, सगळे हसत. एक दिवस चुकला नाही.

महिन्यानं रक्त तपासलं. आकडा चढला होता.

बाईंनी बाटली मागितली. ओला कापूस झाकणावरून फिरवला, तो काजळासारखा काळा झाला.

"गोळी कुठे घेता?"

"कामावर."

"ह्याच हातांनी?"

तात्यांनी हात पाठीमागे नेले.

"काट्यानं काटा काढायचा, तर तुम्ही काटाच विषात बुडवलात! घरी का नाही घेत?"

घरी विचारणारं कोणी नाही, हे तात्यांच्या ओठांपर्यंत आलं. "विसरायला होतं, बाई," ते म्हणाले.

"एक महिना उरलाय. ही नवी बाटली घरातच ठेवायची. आधी अंघोळ, नखं, मग जेवण, मग गोळी."

संध्याकाळी दारात तात्यांचे पाय अडखळले. ह्याच उंबऱ्यावर बायको वाट अडवून उभी राहायची: "हात धुवा, नखं धुवा, मग म्हणा भूक लागली!" तीन वर्षांत कोणी अडवलं नव्हतं, हात कधी धुतले, कधी तसेच ताटात गेले. आज त्यांनी पाणी निवळ होईपर्यंत हात चोळले. नको असताना चार घास गिळले. मग गोळी तळहातावर घेऊन बसून राहिले. पाण्याच्या पेल्यावर माशी बसली, उडाली.

अखेर त्यांनी घसा खाकरला आणि भोंग्याच्या सुरात ओरडले, "तात्या, घेतली का गोळी?"

आवाज भांड्यांवर आदळून परत आला.

त्यांनी गोळी गिळली. "घेतली," ते हळूच म्हणाले, आणि रिकाम्या स्वयंपाकघराला जीभ दाखवली. मग स्वतःचीच लाज वाटून दिवा घालवला.

महिनाभर असंच चाललं. आकडा उतरला, फार नाही, पण भट्टी राहिली.

"तात्या," भोंग्यानं एका दुपारी विचारलं, "बाटली दिसत नाही ती? सोडल्या की काय गोळ्या?"

"घरी घेतो आता."

"अन् विचारतं कोण?"

तात्यांनी पुढची बॅटरी ओढली.

"तूच," ते म्हणाले, आणि हातोडा उचलला.