चित्रातलं स्टूल आणि मी

त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. ऊन होतं, पण अंगाला लागत नव्हतं. समोरच्या गॅलरीतल्या चादरी दोरीलाच गुंडाळून बसल्या होत्या आणि रस्त्यावरची माणसं एका हाताने केस धरून चालली होती. अशा वाऱ्यात म्हाताऱ्याने मला खिडकीजवळून उचललं, ओल्या फडक्याने पुसलं, पायांना सुतळी बांधली आणि खांद्याला अडकवलं.

मी एक लाकडी स्टूल. बोलायला लागलोय खरा, पण घाई मला जमत नाही. माझा जन्मच मुळी कुणीतरी निवांत बसावं म्हणून झालेला.

एका सुताराने दाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडात मला ठोकून काढलं. सांधे जरा सैल राहिले. रिकामा असलो की मी कुरकुरतो, डुगडुगतो. गिऱ्हाईक म्हणालं, "हे हलतंय हो." सुतार म्हणाला, "माणूस बसलं की गप्प होईल." खरंच तसं झालं.

मग मी सात मजली कचेरीच्या लिफ्टमध्ये गेलो. तिथला लिफ्टमन माझा मालक. तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या. दिवसभर आम्ही दोघं वर जायचो, खाली यायचो. प्रवास भरपूर, पोचलो कुठेच नाही.

मी माणसं पायांवरून ओळखतो, कारण गर्दीत तेवढेच मला दिसतात. साहेबाचे बूट आत येताच आवाज करायचे. नवी नोकरी लागलेल्याच्या चपला कोपऱ्यात सरकायच्या. एकमेकांना चिकटून उभे राहतील, पण बोलायचं नाही. सगळे आपले वरचे आकडे वाचत राहायचे.

दुपारी मालकाची बायको डबा घेऊन यायची. लिफ्ट काही थांबवता येत नसे, म्हणून ती आत येऊन माझ्यावर बसायची, डबा मांडीवर उघडायची आणि हा उभ्यानेच, एका हाताने बटणं दाबत जेवायचा.

"तुम्ही बसा की," ती म्हणायची.

"मी दिवसभर बसलेलाच असतो. तू चालून आलीस. बस."

रोज हेच बोलणं. एखाद्या दिवशी राहिलं, तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

त्यांची मुलगी खाली बसून लिफ्टच्या फरशीवर चित्रं काढायची. तिच्या मुठीत सदा खडू असायचा, म्हणून तिचं नावच खडू पडलं. साहेबाच्या बुटाखाली तिचा हत्ती पुसला गेला, तर ती रडायची नाही. बूट उतरेपर्यंत थांबायची आणि दुसरा काढायची.

पुढे आपोआप चालणारी लिफ्ट आली. निरोपाच्या दिवशी मालकाला एक हार मिळाला आणि मी मिळालो. हार वाळला, मी राहिलो. मग बायको गेली. त्या दिवसापासून त्याने मला खिडकीजवळ ठेवलं आणि माझ्यावर कुणाला बसू दिलं नाही. स्वतःही बसला नाही. समोरच्या दारातल्या नर्सबाई एकदा दिवा बदलायला मला मागायला आल्या. हा म्हणाला, "ते द्यायचं नाही." बाई परत गेल्या. मी आपला वाऱ्याने कुरकुरत राहिलो. लाकडाला वाळवी खाते, असं म्हणतात. रिकामपणही खातं.

खडू मोठी झाली आणि कॉम्प्युटरवर चित्रं काढायला लागली. एकदा तिने बाबांच्या फोनमध्ये एक हलतं चित्र घालून दिलं. लिफ्टचं दार उघडतं. आत माझ्यावर आई बसलेली, पाठमोरी. ती डबा उघडते, मान थोडी वळवते, तोंड दिसणार एवढ्यात दार बंद. मग पुन्हा उघडतं. संध्याकाळचा चहा झाला की म्हातारा ते लावायचा आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरेपर्यंत बघत बसायचा.

त्या वाऱ्याच्या दिवसाच्या आदल्या दिवशी खडूचा फोन आला. "बाबा, डिजिटल चित्रांचा मोठा उत्सव आहे. आपलं लिफ्टचं चित्र तिथे लागलंय. एक बाई विकत घेणार आहेत. तुम्ही या ना."

"आईचं चित्र विकणार?" त्याने विचारलं आणि तिचं पुढचं ऐकून न घेता फोन ठेवला. मग कितीतरी वेळ तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या मनात काय शिजतंय, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, सुतळी बांधल्यावर.

उत्सवाच्या दारात पहारेकरी आडवा आला. "काका, फर्निचर मागच्या दाराने."

"हे फर्निचर नाही. आत याचं चित्र लागलंय."

"याचं?" त्याने मला खालीवर न्याहाळलं. "मग पाहुणेच म्हणायचे. जा."

आत मोठं अंधारं दालन होतं. भिंतीच उजेडाच्या. एकीवर मासे पोहत होते, एकीवर झाड क्षणात वाढून गळून जात होतं. माणसं फोन उंच धरून फिरत होती आणि त्यांच्या बुटांवर निळे-तांबडे रंग सांडत होते. एवढ्या जागेत बसायला मात्र कुठे काही नव्हतं. मला जरा नवल वाटलं.

आणि मग समोर मीच. घराएवढा उंच. माझ्यावर ती बसलेली. म्हातारा जागीच थांबला. त्याचा हात सुतळीवर घट्ट झाला.

खडू धावत आली. सोबत चित्र घेणारी बाई होती, दातांची डॉक्टर. म्हाताऱ्याने मला सोडवलं, तिच्यापुढे ठेवलं आणि हात जोडले.

"बाई, हे खरं स्टूल घ्या. त्यावर ती बसायची. ते चित्र तेवढं राहू द्या."

मी कुरकुरलोसुद्धा नाही. द्यायला त्याच्याकडे माझ्याहून मोलाचं काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

"बाबा," खडू हळू म्हणाली, "चित्र कुठे जात नाही. मालक म्हणून यांचं नाव लागतं, एवढंच. ते हजारो कॉम्प्युटरांत एकदम लिहिलेलं असतं, कुणा एकाला गुपचूप बदलता येत नाही. त्यालाच ब्लॉकचेन म्हणतात. बघायला चित्र सगळ्यांना मोकळं."

"आणि माझ्या फोनमधलं? ते पुसावं लागेल ना?"

"कोण म्हणालं?"

"विकलेली वस्तू घरात ठेवत नाहीत, बाळा."

खडूने त्याचा हात धरला. "ते तुमचंच आहे, बाबा. पुसायचं नाही."

म्हाताऱ्याने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. "मग तुम्ही घेतलंत काय?"

"घरी आमचे हेसुद्धा हेच विचारतात," बाई हसल्या. "दवाखान्यात लोक घाबरून बसलेले असतात, काका. समोरच्या भिंतीवर हे लावणार आहे. त्या डबा उघडतात ना, ते बघून जीव थाऱ्यावर येतो." मग त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "हे मात्र घरी न्या. याचं दुसरं होत नाही."

म्हाताऱ्याने खाली पाहिलं. लिफ्टमनची नजर पायांवर जातेच. खडू सकाळपासून उभी होती. या पायावरचा भार त्या पायावर घेत होती.

"बस," तो म्हणाला.

"त्याच्यावर? बाबा, तुम्ही तर..."

"दमलीस. बस."

ती बसली. मी गप्प झालो. कितीतरी वर्षांनी अंगातले सगळे सांधे जागच्या जागी बसले. म्हाताऱ्याने खिशातून कागदात बांधलेला पाव काढला, अर्धा तिच्या हातात दिला आणि अर्धा शेजारी उभ्यानेच खाल्ला. समोर दार उघडत होतं, मिटत होतं.

माझं सांगणं एवढंच. आठवण म्हणून जपून ठेवलेल्या वस्तूला अधूनमधून कामही द्या. झिजण्याचं आम्हाला दुःख नसतं.

आम्ही घरी परतलो तेव्हा वारा पडला होता. नर्सबाई पिशवी घेऊन जिना चढत होत्या, प्रत्येक पायरीला थांबत होत्या. म्हाताऱ्याने कुलूप काढायचं सोडून मला जिन्याच्या तोंडाशी त्यांच्यापुढे ठेवलं. "बसा."

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. जपून टेकल्या आणि म्हणाल्या, "अहो लिफ्टवाले, मी इतकी वर्षं समजत होते, हे मोडकं आहे म्हणून तुम्ही देत नाही. माणूस बसलं की हे हलतसुद्धा नाही की हो."